म्युच्युअल फंडाचा खर्च व कंपनीची निवड

रस्त्यासाठी अथवा कालव्यासाठी जमीन संपादनात गेली, की शेतकऱ्याच्या हाती एकरकमी मोबदला पडतो. आमची सारी नोकरी महसूल खात्यात कारकुनीत गेल्यामुळे अशा मोबदल्याच्या याद्या आम्ही पुष्कळ लिहिल्या; आणि रक्कम खात्यावर जमा होण्यापूर्वीच गुंतवणुकीचे दलाल ओट्यावर येऊन बसतात, हेही पाहिले. पूर्वी ते विमा घेऊन येत, अलीकडे म्युच्युअल फंडही आणतात. त्यांचा माल वाईट असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्या मालाची किंमत काय, हे विचारणारे फार थोडे भेटतात. सबब हा लेख.

म्युच्युअल फंड म्हणजे अनेकांचा पैसा एकत्र करून तो शेअरांत अथवा कर्जरोख्यांत गुंतविण्याची व्यवस्था होय. ती चालविणारी कंपनी निधीतून दरसाल शेकडा काही खर्च घेते. बाजार समितीत कांदा विकला, तर हमाली व तोलाई पट्टीवर निराळी लिहिलेली असते. फंडाचा खर्च मात्र रोज थोडाथोडा वजा होऊन मगच युनिटाचा भाव जाहीर होतो. त्यामुळे आपले काही कापले गेले, असे खातेदारास वाटतच नाही.

लाखास हजार रुपये, त्यात काय मोठे, असे कोणी म्हणेल. १ लाख रुपये २० वर्षे ठेवले व खर्चापूर्वी दरसाल शेकडा १० वाढ झाली, असे केवळ हिशेबापुरते धरू. बाजार अशी हमी देत नाही. खर्च अर्धा टक्का असेल, तर अखेरीस सुमारे ६ लाख १४ हजार होतात; दीड टक्का असेल, तर सुमारे ५ लाख ११ हजार. फरक १ लाख ३ हजारांचा, म्हणजे मूळ मुद्दलाहूनही अधिक! सावकाराच्या वहीतील चक्रवाढ ज्याने पाहिली आहे, त्यास याचे नवल वाटू नये.

सेबीच्या आदेशाने १ जानेवारी २०१३ पासून योजनांत ‘डायरेक्ट’ असा निराळा प्रकार ठेवण्यात आला. ‘रेग्युलर’ प्रकारात दलालाचे कमिशन खर्चात मिळविलेले असते व पैसा राहील तितकी वर्षे ते चालू राहते. शेअर तेच, व्यवस्थापक तोच; केवळ खर्च निराळा, म्हणून भावही निराळा. अर्जात दलालाच्या क्रमांकाचा रकाना असतो; तेथे ‘डायरेक्ट’ असे लिहावे. सातबाऱ्यावरील इतर हक्कांचा रकाना न वाचता जमीन घेणारा आणि हा रकाना न पाहता सही करणारा, दोघेही सारखेच. दर सहामाहीस येणाऱ्या एकत्रित खातेउताऱ्यात दलालास दिलेल्या कमिशनचा आकडा असतो, तोही वाचीत जावा. तथापि, जो दलाल कागदपत्रे नीट ठेवतो, वारसाची नोंद करवितो आणि बाजार पडला असता घाबरून विक्री करू देत नाही, त्याची मजुरी न्याय्य आहे. ती किती, एवढे मात्र माहीत असावे.

कंपन्यांची तुलना करताना एकाच जातीच्या योजना शेजारी ठेवाव्यात. निफ्टीतील ५० कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणारा इंडेक्स फंड सर्वांकडे जवळजवळ एकच माल ठेवतो. तेथे कमी खर्चाची व निर्देशांकाच्या मागे न पडणारी योजना निवडणे सोपे जाते. एका योजनेत स्वस्त असलेली कंपनी दुसरीत महाग असू शकते, आणि खर्चाचा दर पुढे बदलूही शकतो. म्हणून वर्षातून एकदा तो पाहावा. नव्या योजनेचे युनिट १० रुपयांस मिळते म्हणून ते स्वस्त, ही समजूत अगदीच चुकीची आहे. युनिटाच्या भावाचा स्वस्ताईशी काही संबंध नाही.

अमेरिकेत जॉन बोगल यांनी १९७५ साली व्हॅनगार्ड कंपनी सुरू केली. ती तिच्याच फंडांच्या, पर्यायाने गुंतवणूकदारांच्या, मालकीची आहे. सभासदांची सोसायटी चालविणाऱ्या आमच्या वाचकांस ही रचना चटकन समजेल. मालक व गिऱ्हाईक एकच असल्याने तेथे खर्च उतरत गेला. आपल्याकडे व्यवस्थापन कंपनीचा नफा तिच्या मालकांकडे जातो, म्हणून खर्चावर लक्ष गुंतवणूकदारानेच ठेवावयाचे.

खर्च कमी म्हणून जोखीम कमी, असे मात्र नव्हे. २०२० च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत निफ्टी एक तृतीयांशाहून अधिक खाली आला होता; त्या वेळी स्वस्त फंडही पडले. बियाण्याचा, पीककर्जाच्या फेडीचा अथवा येत्या लग्नसराईचा पैसा शेअरांच्या फंडात घालू नये.

ज्यांचा पैसा आधीच रेग्युलर प्रकारात आहे, त्यांनी घाई करू नये. तो डायरेक्टमध्ये नेणे ही विक्रीच समजली जाते. नफ्यावर कर लागू शकतो आणि मुदतीपूर्वी काढल्यास काही योजनांत निर्गमन आकारही पडतो. प्रथम पुढील हप्ते डायरेक्टमध्ये सुरू करावेत, व जुनी रक्कम त्या आकाराची मुदत संपल्यावर कराचा हिशेब पाहून हलवावी.