लवादात कोयत्याच्या बाजूने

उपमुख्यमंत्री, गृहमंत्री, केंद्रीय ग्रामविकासमंत्री ही पदे मोजली की गोपीनाथ मुंडे यांची कारकीर्द सांगून झाली, असे मुंबईत वाटते. बीडच्या ऊसतोड्याला ते आठवतात लवादामुळे.

दसरा सरला की धारूर, वडवणी, पाटोद्याकडची गावे रिकामी होऊ लागतात. मुकादम कारखान्याकडून पैसा उचलतो आणि जोडप्याला उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. अंधारातच फडात शिरायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. मजुरी टनावर, तीही आधी उचलीत वळती. हातखर्चाला उसाचे वाढे विकून येईल तेवढेच. कारखान्याच्या हजेरीपटावर यांचे नाव नसते, मग भाव वाढवून मागायचा कुणाकडे? त्यासाठीच लवाद. कारखान्यांच्या बाजूने शरद पवार, मजुरांच्या बाजूने मुंडे बसत आणि टनाचा दर ठरे.

परळी तालुक्यातल्या नाथ्र्याच्या वंजारी शेतकरी घरात 12 डिसेंबर 1949 ला जन्मलेल्या मुंडेंना हा फड परका नव्हता. अंबाजोगाईच्या कॉलेजात प्रमोद महाजन भेटले, पुढे विद्यार्थी परिषद, आणीबाणीत तुरुंग, 1980 मध्ये रेणापूरची आमदारकी, 1985 मध्ये पराभव. भाजपला तेव्हा शेटजी-भटजींचा पक्ष म्हणत. माळी, धनगर, वंजारी जोडण्याचे ‘माधव’ सूत्र पक्षाचे संघटक वसंतराव भागवत यांचे. ते गावोगाव रुजवले मुंडेंनी. 1995 मध्ये शिवसेना-भाजप युतीची सत्ता आली, गृहखाते त्यांच्याकडे आले आणि त्याच काळात, 1999 मध्ये, संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा ‘मकोका’ झाला.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मुंडेंनी स्वतः वैद्यनाथ साखर कारखाना उभारला. कारखान्याचा हिशेब आणि कोयत्याचे दुखणे दोन्ही ठाऊक असलेला असा नेता दुसरा नव्हता. तरीही साडेचार वर्षांच्या सत्तेत ऊसतोड्यांसाठी कायदा झाला नाही. दर एका माणसाच्या वजनावर अवलंबून राहिला.

26 मे 2014 ला ते केंद्रात मंत्री झाले. ग्रामविकास खाते, गावच ज्याचे बळ, त्याला याहून योग्य खाते कोणते? 3 जूनला दिल्लीत मोटार अपघातात ते गेले.

आज त्यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. माथाडींना या राज्याने 1969 मध्येच स्वतंत्र कायदा दिला. नोंदणी, लेखी करार आणि विम्याची हमी देणारा तसाच कायदा कोयत्यासाठी करा. मुंडेंचे नाव घेणाऱ्या प्रत्येक पक्षाकडे ही मागणी आता मतदारांनीच लावून धरावी.