निकालानंतरचे टिपण

अमेरिकेत निवडणुकीचा निकाल लागला की वॉशिंग्टनमधील लॉबिंग कंपन्या ग्राहकांना विश्लेषणाचे टिपण धाडतात. कोण जिंकले हे ग्राहकाला आधीच ठाऊक असते. टिपणाचा खरा विषय असतो तो काँग्रेसच्या समित्यांचा. ५ नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीनंतर रिपब्लिकन पक्षाकडे सिनेटच्या ५३ आणि प्रतिनिधिगृहाच्या २२० जागा आल्या. सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांवरील चर्चा थांबवायला ६० मते लागतात. ‘रिकन्सिलिएशन’ या अर्थसंकल्पी मार्गाने मात्र साधे बहुमत पुरते. २०१७ च्या करकपातीतील अनेक तरतुदी २०२५ अखेर संपणार असल्याने हीच वाट, आणि करांचे कायदे घडवणाऱ्या दोन समित्या, कंपन्यांच्या दृष्टीने कळीच्या ठरल्या.

टिपणासोबत ग्राहकांच्या बातम्याही येतात: नवे कंत्राट, नवी नेमणूक, एखादा पुरस्कार. त्या अर्थातच गोड असतात. या बातम्यांपलीकडचा तपशील मात्र कायद्याने उघड होतो: कोणत्या ग्राहकासाठी, कोणत्या विषयावर आणि किती मोबदल्यात लॉबिंग झाले, हे १९९५ च्या कायद्यानुसार अहवालातून जाहीर करावे लागते. २००७ च्या दुरुस्तीने सहामाही अहवाल तिमाही झाले. अहवालात सभागृहाचा किंवा खात्याचा उल्लेख पुरतो, भेटलेल्या लोकप्रतिनिधीचे नाव द्यावे लागत नाही.