विजेच्या सायकलीवरून विंझर

स्थान : विंझर हे पुणे जिल्ह्यातील वेल्हे (राजगड) तालुक्यातील गाव नसरापूर–वेल्हे रस्त्यावर आहे. राजगड आणि १,४०३ मीटर उंचीचा तोरणा हे दोन्ही किल्ले याच परिसरात आहेत.

चढाचा हिशेब : भातखाचरांलगतच्या सपाट रस्त्यावर बॅटरी दूरवर पुरते, चढावर ती झपाट्याने उतरते. सायकल, स्वार आणि सामान मिळून १०० किलो वजन १०० मीटर उंच नेण्यास सुमारे २७ वॉट-तास ऊर्जा लागते. मोटरमधील तूट वेगळी.

नियम : २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या, बॅटरी वगळून ६० किलोपर्यंतच्या प्रमाणित सायकलीला नोंदणी वा परवाना लागत नाही.

काळजी : पावसात भिजलेली सायकल पूर्ण कोरडी झाल्यावरच चार्जिंगला लावावी. गडाची चढण पायीच करावी.