मिरजेची जवारी

तंबोऱ्याच्या तबलीवरची घोडी लांबून सपाट दिसते. बोट फिरवलं की कळतं, तिला अगदी बेताचा उतार आहे. छेडलेली तार या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते आणि एका स्वराच्या पोटातून वरचे कितीतरी स्वर झंकारू लागतात. घोडी घासून हा उतार नेमका साधणं म्हणजे जवारी काढणं.

मिरजेच्या कारागिराचं हे काम बघण्यासारखं असतं. तार छेडायची, ऐकायची, ढिली करून बाजूला घ्यायची, कानस हलकेच फिरवायची, तार पुन्हा चढवायची. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवायचा. दोरा केसभर हलला तरी तार मुकी होते, नाहीतर नुसती करकरते. इथे पट्टी चालत नाही, कानच लागतो. म्हणून या धंद्यातलं शिक्षण आधी ऐकण्याचं आणि मग हाताचं.

हे काम मिरजेत एकोणिसाव्या शतकात रुजलं. हत्यारं बनवणाऱ्या शिकलगारांचा जुना धंदा बसत चालला, तेव्हा फरीदसाहेब शिकलगार वाद्यांकडे वळले. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, लाकूड लागतं तुणीचं. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

शास्त्रज्ञांनाही या झंकाराने कोड्यात टाकलं होतं. तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथे ज्यांचा स्थिर बिंदू पडतो ते उपस्वर उमटू नयेत, असा जुना नियम. तंबोऱ्यात ते खणखणीत उमटतात, हे चं. व्यं. रामन यांनी १९२१मध्ये दाखवलं आणि त्याचं कारण घोडी आणि दोऱ्यात शोधलं. त्याआधी, १९१०मध्ये, सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींवरचं पुस्तक काढलं होतं. श्रुतींच्या या शोधात त्यांना साथ होती अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची. खाँसाहेब पुढे मिरजेचेच झाले. त्यांची कबर तिथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. गवई आणि हिशेब मांडणारा माणूस एकाच स्वराभोवती बसले, ही घटना मला फार मोलाची वाटते.

तसं बसणं आज वर्गात क्वचित दिसतं. विदर्भातल्या पवनीपासून कोल्हापूरपर्यंत गाणं शिकणारी बहुतेक मुलं पेटीवर सा धरतात. पेटीचे स्वर कारखान्यातून ठरून आलेले. तंबोऱ्याचा सा मात्र लावावा लागतो. इलेक्ट्रॉनिक तंबोरा सोयीचा आहे, प्रवासात त्याच्यावाचून चालत नाही, पण त्याला दोरा नाही. आपण हलवलं आणि स्वर बदलला, हा अनुभव त्यातून कसा मिळणार?

रियाजाने तारा घोडीत रुततात, जवारी बसते, ती पुन्हा काढून घ्यावीच लागते. ज्या गायनशाळेकडे तंबोरा आहे, तिने तेवढ्या दिवशी कारागिराला वर्गातच बसवावं आणि दोरा सरकवायला मुलांच्या हाती द्यावा.