गणिताची शिकवणी

दहावी-बारावीनंतर तुमच्यांपैकी अनेकजण महाविद्यालयात जातील. फी, पुस्तके, बसभाडे असे खर्च समोर उभे राहतील. घरावर भार न टाकता चार पैसे मिळवण्याचा एक मार्ग तुमच्या मोहल्ल्यातच आहे. तो म्हणजे लहान मुलांना गणित शिकवणे.

तुम्ही विचाराल, "पण आमच्याजवळ बी.एड. कुठे आहे?" शाळेत शिक्षक होण्यासाठी डी.एल.एड. किंवा बी.एड. अशी पात्रता लागते. घरगुती शिकवणीला ती लागत नाही. उलट, शाळेत नोकरी करणाऱ्या शिक्षकांना खाजगी शिकवणी घेण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली आहे. मोठ्या वर्गांची गोष्ट मात्र वेगळी. ५० हून अधिक विद्यार्थ्यांच्या वर्गात शिकवणारा निदान पदवीधर असावा, असे केंद्र सरकारच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे.

प्रमाणपत्र लागत नाही, म्हणून जबाबदारी कमी होत नाही. आईबाप पोटाला चिमटा घेऊन फी देतात. मुलाचे वर्षही तुमच्या हाती असते.

गणित येणे आणि ते शिकवता येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांच्याजवळ तरुणपणी पदवी नव्हती. मद्रासला नोकरी शोधत असताना त्यांनीही शिकवणी करून पाहिली. पण ते अभ्यासक्रम सोडून फार पुढे निघून जात. त्यामुळे शिकवणीत त्यांचा जम बसला नाही.

मग शिकवायचे कसे? समजा, एका मुलाने १/२ + १/३ = २/५ असे लिहिले. लगेच लाल रेघ मारू नका. विचारा, "बाळ, हे कसे केलेस?" तो म्हणेल, "वरचे आकडे मिळवले, खालचे मिळवले." चूक नेमकी सापडली! आता त्याला विचारा, "अर्धी भाकरी खाल्लीस, वर आणखी एक तुकडा खाल्लास. मग एकूण अर्धीपेक्षा कमी कशी?" पाचांचे अर्धे अडीच, दोन त्याहून कमी. आपले उत्तर चुकले, हे त्याचे त्यालाच कळेल. मग भाकरीचे सहा सारखे भाग करा. अर्धीचे ३ भाग, तिसऱ्या हिश्शाचे २ भाग, मिळून ५/६.

तुमची भाषाही तुमच्या उपयोगी पडेल. उर्दूतला 'नसबनुमा' म्हणजे मराठीतला 'छेद' आणि 'शुमारकुनिंदा' म्हणजे 'अंश'. दोन्ही शब्द येत असतील, तर उर्दू शाळेतल्या आणि मराठी शाळेतल्या, दोन्ही मुलांना तुम्ही शिकवू शकाल.

सुरुवात दोन-तीन मुलांपासून करा. मुले तुमच्याहून तीन-चार इयत्ता खालची असावीत. त्यांचे पाठ्यपुस्तक आधी स्वतः सोडवा. फी आणि वेळ पालकांशी पहिल्याच दिवशी ठरवा, आणि वेळ पाळा. एखादे उदाहरण अडले, तर "उद्या पाहून सांगतो" असे म्हणायला लाजू नका. पण चुकीचे सांगू नका.

एके दिवशी मूल तुमची मदत न घेता उदाहरण सोडवू लागेल. त्या दिवशी समजा, तुमची शिकवणी सफल झाली.