चेंबरचे आटे गेले? एम-सीलने भागणार नाही

निफाड, दिंडोरी, चांदवड, कुठल्याही तालुक्यात जा, शेतकऱ्याच्या दारात बैलजोडी असो नसो, मोटारसायकल हमखास असते. दुधाची किटली, औषधाची पेटी, खताची गोणी आणि झालेच तर घरची दोन माणसे, सगळा भार तिच्यावर. या गाडीचे एक दुखणे मात्र पुष्कळ ठिकाणी दिसते. गाडी जिथे उभी राहते तिथे जमिनीवर ऑईलचा काळा डाग. चौकशी केली की उत्तर ठरलेले : चेंबरच्या नटाचे आटे गेले होते, मिस्त्रीने बूश मारून दिला, आता तो बूशच नटाबरोबर फिरतोय.

शेतकरी बंधूंनो, हे असे का होते ते आधी पाहू. इंजिनाचे चेंबर ॲल्युमिनिअमचे, तर ऑईल सोडायचा नट पोलादाचा. बाभळीचा खुंटा ओल्या मातीच्या भिंतीत ठोकण्यासारखाच हा प्रकार. जोर जास्त झाला की नटाला काही होत नाही, भिंत ढासळते. १०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना हा नट साधारण २५ न्यूटन-मीटरने आवळायचा असतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकात पाहावा. साध्या भाषेत सांगायचे तर फूटभर लांब पान्याच्या टोकाला आठ-साडेआठ किलोचा जोर, बस्स. आपल्याकडे पान्याला पाईप लावून वर पाय देणारेही आहेत! ऑईल अडते ते नटाखालच्या वॉशरमुळे, जोरामुळे नव्हे. वॉशर चेपला असेल तर नवा टाकावा. तो फार महाग नसतो.

गेलेल्या आट्यांवर इलाज जुना आहे. भोक मोठे करून त्यात पोलादी आटे बसवायचे. एक प्रकार तारेच्या स्प्रिंगसारखा, त्याला हेलिकॉइल म्हणतात. दुसरा भरीव बूश, आतून-बाहेरून आटे पाडलेला. ही काही तात्पुरती जुगाड नव्हे. विमानांचे पुष्कळसे भाग ॲल्युमिनिअमच्या जातीचेच, आणि त्यांत असे पोलादी आटे मुद्दाम बसवतात. १९६४ साली आपल्या ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, त्या धंद्यात ही रोजची गोष्ट. नीट बसवलेला आटा मूळच्यापेक्षा मजबूत होतो.

मग बूश सैल का पडतो? बहुतेक वेळा भोक पाडण्यातच खोट असते. हातातल्या ड्रिलने भोक तिरपे किंवा ढगळ होते. हेलिकॉइलला त्याचे स्वतःचे ड्रिल आणि स्वतःचा टॅप लागतो. ६ मिलिमीटरच्या आट्याला साधारण ६.३ मिलिमीटरचे भोक पाडतात. तिथे घरातले साडेसहाचे ड्रिल चालवले की संपले. दुसरे कारण तेल. भोकात ऑईलचा ओलावा राहिला तर लॉकटाइटसारखे आटे धरणारे द्रव पकड घेत नाही, कितीही ओता.

फिरणारा बूश पुन्हा आवळून काही उपयोग नाही, तो आणखी भोक खातो. तो काढून टाकावा आणि भोक उजेडात पाहावे. भोवती धातू शाबूत असेल तर लेथवर कॉलरचा नवा बूश करून घ्यावा, बाहेरून १६ चा आटा, आतून १२ चा. अर्थात आपल्या नटाचे माप आधी मोजून. भोक पेट्रोलने धुऊन कोरडे करावे, बूशच्या फक्त बाहेरच्या अंगाला द्रव लावावे, बसवून एक दिवस गाडी तशीच ठेवावी. टॅप फिरवताना त्याच्या खाचांत ग्रीस भरावे म्हणजे कीस त्यालाच चिकटतो. तरीही शेवटी थोडे ऑईल वरून ओतून खालून वाहू द्यावे. हेलिकॉइल असेल तर टोकाचा तुटणारा तुकडा हाती आला की नाही ते मिस्त्रीला विचाराच. तो इंजिनात राहिला तर मोठे काम निघेल.

चेंबरला चीर असेल किंवा भोवती धातूच उरला नसेल, तर इंजिन खोलून आर्गन वेल्डिंगने भरावे आणि आटे नव्याने पाडावेत. अंबड-सातपूरकडे ही कामे करणारे सापडतात. तेलकट चेंबरवर वेल्डिंग धरत नाही, म्हणून आधी ते नीट धुतले पाहिजे.

एम-सील आणि टेफ्लॉन टेप लावून दिवस काढणारे खूप आहेत. छोट्या गाडीत ऑईल असते जेमतेम लिटरभर. नट रस्त्यात गळाला तर काही मिनिटांत इंजिन जाम होते, आणि ते नेमके कांद्याचे लिलाव चालू असताना व्हायचे. टेपचे तुकडे आत गेले तर ऑईलची जाळी तुंबते, ते वेगळेच.

स्पार्क प्लगचे आटे गेले तर मात्र हेड उतरवल्याशिवाय काम करू देऊ नका. कीस सरळ सिलिंडरमध्ये पडतो. तिथली उष्णताही जास्त. साधे लॉकटाइट १५० अंशांच्या आसपासच टिकते, म्हणून प्लगला त्याच्या भरवशावर राहून चालत नाही.

प्लास्टिकच्या पॅनेलमधली पितळी गुंडी फिरत असेल तर काम सोपे. सोल्डरिंगच्या इस्त्रीने ती हलकेच तापवून सरळ दाबावी आणि थंड होईपर्यंत हलवू नये.

फवारणीच्या पंपांचे, एचटीपीचेही काही भाग ॲल्युमिनिअमचेच असतात. द्राक्षवाल्यांनी ऑक्टोबर छाटणीआधी त्यांचेही नट एकदा हाताने चाचपावेत. आणि आटे कुठल्या मापाचे केले ते मिस्त्रीकडून गाडीच्या पुस्तकात लिहून घ्यावे. कोणी १२ चे १४ करून ठेवले असतील, तर पुढच्या मिस्त्रीला ते आधी कळले पाहिजे.