जाहीरनाम्यात नुसता ‘न्याय’ नको, आकडा हवा

निवडणूक आली की आपण पक्षांना निवेदन देतो : ‘बौद्ध विद्यार्थ्यांना न्याय द्या.’ सगळे मान्य करतात. त्यात कुणाला काही द्यावेच लागत नाही! त्याऐवजी हिशेब मांडा. वॉचमन वडिलांचा पगार महिना २१ हजार, म्हणजे वर्षाला २.५२ लाख. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा २.५० लाख. दोन हजारांपायी मुलीचा निर्वाह भत्ता गेला. फ्रीशिपमध्ये फक्त फी माफ. खोलीभाडे, मेस कुठून भरायची? आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाला मात्र मर्यादा ८ लाख. हे दोन आकडे शेजारीशेजारी छापा. मग मागणी : मर्यादा ८ लाख करा, भत्ता सत्राच्या सुरुवातीलाच खात्यात जमा करा. ‘प्रयत्न करू’ हे उत्तर घेऊ नका. पहिल्याच अर्थसंकल्पात तरतूद करणार का, हे लेखी विचारा.